ई-रिक्षाची मोटर तापते, ॲव्हरेज पडतं: मोटर बदलण्याआधी काय काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते. "मोटर गेली, पिकअप नाही, ॲव्हरेजपण पडलं." यात तीन-चार वेगवेगळे बिघाड एकत्र कालवलेले असतात. म्हणून पाना उचलण्याआधी चालकाला नीट विचारून घ्यावं आणि खालच्यापैकी कोणतं लक्षण आहे ते ठरवावं. पुढची सगळी तपासणी त्यावर अवलंबून आहे.

लक्षणं

- मोटर तापते आणि ॲव्हरेजही पडलंय: कुठेतरी जास्त जोर लागतोय (हवा, ब्रेक, बेअरिंग, ओझं) किंवा मोटर कमी करंटमध्ये जोर काढू शकत नाही (हॉल सेन्सर म्हणजे चुंबकाची जागा सांगणारा सेन्सर, फेज म्हणजे मोटरच्या तीन जाड तारा, किंवा चुंबक).
- मोटर गार, ॲव्हरेज मात्र पडलंय: मोटरला हातही लावू नका. बॅटरी, चार्जर नाहीतर जोड.
- मोटर ठीक, कंट्रोलर (मोटरला वीज मोजून देणारा डबा) चटका देतो: सैल लग (तारेच्या टोकाचा धातूचा कान), धुळीने भरलेले कंट्रोलरचे पंख, किंवा चढावर एक्सिलेटरवर गाडी धरून ठेवायची सवय.
- उचलताना झटके, खरखर, थोडं ढकललं की मग चालते: हॉल सेन्सर.
- बंद गाडी ढकलताना अडखळत, जड जाते: कंट्रोलरमधला मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट, किंवा फेजच्या तारा आपसात चिकटलेल्या.
- रिकामी गाडी पूर्वीपेक्षा जोरात पळते, सवारी बसली की दम नाही, आणि मोटर तापते: चुंबकं कमजोर झालीत. हे लक्षण सर्वात जास्त हुकतं, कारण वेग वाढला म्हणून चालक खूश असतो. तो तक्रार करतो फक्त ॲव्हरेजची.

"तापते" हा शब्दही तपासून घ्या. नागपुरात मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर असते, तेव्हा मोटरचं कवच ७० अंश दाखवत असेल तर मी घाबरत नाही. हाताचा अंदाज फसवा आहे. ६० अंशांच्या धातूवरही हात ठेवता येत नाही. बंदुकीसारखं तापमापक यंत्र आता स्वस्तात मिळतं, ते घ्या. कवच ८० अंशांच्या वर गेलं तर गाडी सावलीत उभी करायची, कारण आतली तार कवचापेक्षा बरीच जास्त तापलेली असते.

आधी एक हिशोब, मग पाना

मोटरचा जोर करंटवर ठरतो आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गावर. जोर दुप्पट लागला की उष्णता चौपट. गाडी, बॅटऱ्या आणि माणसं मिळून ७०० किलो धरली तर सपाट डांबरी रस्त्यावर साधारण १०० न्यूटनचा जोर पुरतो. शंभर मीटरला चार मीटर असा उड्डाणपुलाचा चढ आला की त्यात आणखी पावणेतीनशे न्यूटन मिळवा. जोर पावणेचार पट, तारेतली उष्णता तेरा-चौदा पट. पूल छोटा असतो म्हणून मोटर वाचते.

वर तांबं तापलं की त्याचा विरोध वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. २५ अंशांवरून १२० अंशांवर गेलेली तार तोच करंट वाहताना जवळजवळ ३७ टक्के जास्त उष्णता काढते. चुंबकंही तापली की थोडी नरम पडतात, मग त्याच जोरासाठी करंट आणखी वाढतो. तापलेली मोटर म्हणूनच आणखी तापत जाते.

मोटरच्या पट्टीवर छापलेली कार्यक्षमता ही एका ठरावीक वेगाची आणि ओझ्याची असते. चांगली बीएलडीसी (बिनब्रशची मोटर) ८० ते ९० टक्के, ब्रशवाली ७० ते ८० टक्के, हे आकडे त्या सर्वोत्तम जागेचे. त्याच मोटरला चढावर रांगायला लावलं तर निम्म्यावर येते, आणि गाडी जागेवर उभी असताना एक्सिलेटर दाबून धरला तर शून्य. चाक फिरतच नाही, मग केलेलं काम कुठे मोजायचं? सगळी वीज उष्णता होते. "मोटर खराब आहे" म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्यांत मोटर चांगलीच असते, तिला चुकीच्या जागी राबवलेलं असतं. म्हणून मोटरच्या बाहेरून आत यायचं. बाहेरच्या गोष्टी स्वस्तही असतात.

फुकटातल्या तपासण्या

ओझं आणि सवय. किती सवाऱ्या बसवता, पूल किती वेळा, आणि पुलावर गाड्यांची रांग लागली की गाडी ब्रेकवर धरता की एक्सिलेटरवर? शेवटचा प्रश्न मी न विसरता विचारतो. चढावर एक्सिलेटरने गाडी "तोलून" धरली की बीएलडीसीत सगळा करंट त्याच दोन फेजमधून आणि त्याच मॉस्फेटमधून जात राहतो; ब्रशवाल्या मोटरीत कम्युटेटरच्या (कार्बन ज्यावर घासतो त्या तांब्याच्या गोलाच्या) त्याच पट्ट्या जळतात. हँडब्रेक लावा. त्याला पैसे पडत नाहीत.

यातच एक गोष्ट लक्षात घ्या, नाहीतर मीटर दिशाभूल करतो. कंट्रोलर मोटरला सलग वीज देत नाही, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत तुकड्यातुकड्यांनी देतो. हळू चालताना समजा पाव वेळ चालू, पाऊण वेळ बंद. बंद असतानाही वाइंडिंगमधला (मोटरच्या तारेच्या वेढ्यांतला) करंट कंट्रोलरच्या आतल्या वाटेने फिरतच राहतो. परिणाम असा की बॅटरीच्या तारेत सरासरी २० अँपिअर दिसतात तेव्हा मोटरच्या तारेत ८० असू शकतात. चालक डॅशबोर्डवरचा काटा दाखवून म्हणतो, "करंट तर कमीच आहे." बॅटरीचा कमी आहे, मोटरचा नाही.

हवा. सकाळी, टायर गार असताना, टायरवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या आकड्याइतकी भरा. तिन्ही चाकांत. मऊ टायरने तो १०० न्यूटनचा जोर १५० झाला तर सपाट रस्त्यावरही मोटरची तार सव्वादोन पट तापते. ज्या बिघाडाला हवावाल्याचे दहा-वीस रुपये लागतात त्यासाठी लोक कंट्रोलर बदलून आलेले असतात.

ब्रेक. पुढच्या चाकाला दगड लावून मागची बाजू जॅकवर घ्या, एमसीबी (बॅटरीचा मुख्य स्विच) पाडा, चाक हाताने फिरवा. थोडं फिरत राहून थांबलं पाहिजे. घासल्याचा आवाज किंवा लगेच थांबणं म्हणजे लायनर धरतोय. नवे लायनर टाकल्यावर ही तक्रार नेहमी येते, कारण ब्रेक "कडक" हवा म्हणून रॉड जास्त आवळलेला असतो. एक-दोन आटे सैल करून पाहा. दहा किलोमीटर चालवून दोन्ही ड्रमवर तापमापक धरा. एक ड्रम दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथेच चोर आहे. पावसाळ्यानंतर ब्रेकची केबल गंजून परत येत नाही, तीही बघा.

दुसरं चाक धरून ठेवून हे चाक फिरवताना अडखळत असेल तर एमसीबी पाडलेलीच ठेवून पाच मिनिटं थांबा, मीटरने कंट्रोलरवर व्होल्टेज उरलं नाही याची खात्री करा, आणि मोटरच्या तिन्ही जाड तारा सोडा. सोडल्यावर चाक मोकळं झालं तर दोष कंट्रोलरचा. तरीही अडखळलं तर मोटरच्या आतला किंवा डिफरन्शियलचा (मागच्या दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरचा). दोन महागड्या वस्तूंपैकी कोणती निर्दोष आहे ते कळायला एवढं पुरतं.

थोड्या पैशातल्या तपासण्या

जोड. लग आणि बोल्ट. माझ्या मते सर्वात दुर्लक्षित जागा. ४८ व्होल्टची गाडी म्हणजे करंट मोठा, आणि मोठ्या करंटला लहानसा विरोधही महाग पडतो. दहा मिलिओहमचा सैल जोड ५० अँपिअरला अर्धा व्होल्ट खातो आणि २५ वॉट उष्णता काढतो, म्हणजे बाकावरची नेहमीची सोल्डरिंग आयर्न त्या बोल्टला चिकटवून दिवसभर चालू ठेवल्यासारखं. बॅटऱ्या एकमेकींना जोडणाऱ्या तारा, एमसीबी, कंट्रोलर, मोटर मिळून असे पंधरा-वीस जोड गाडीत असतात.

नुसतं आवळून भागत नाही. मीटर डीसी मिलिव्होल्टवर, दोन लांब वायरींना क्रोकोडाइल क्लिप लावून जोडाच्या दोन बाजूंना पकडा, मीटर चालकाशेजारी आणा आणि ओझ्यासह चालवा. चांगला जोड काही मिलिव्होल्ट दाखवतो. पन्नासच्या वर गेला तर उघडा, पॉलिश पेपरने चकचकीत करा, लग काळवंडला असेल तर कापून नवा दाबा. सोल्डर ओतून ठोकलेला लग मला चालत नाही, तापला की तो सैल होतो. एमसीबी आतून जळत आली असेल तर तीही याच तपासणीत सापडते.

बॅटरी. सकाळी पूर्ण चार्ज करून, दोन तास तसंच ठेवून, चारही बॅटऱ्यांचं व्होल्टेज वेगवेगळं घ्या; निरोगी लेड-ॲसिड १२.६ ते १२.८ दाखवते. पण हा आकडा विश्रांतीचा आहे, याच्यावर निकाल देऊ नका. खरा निकाल चढावर. तीन बॅटऱ्या ११.८ वर आणि एक १०.५ च्या खाली आली तर ती एक बाकी तिघींना खाली ओढतेय. पाण्याची पातळी बघा, हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावा. पूर्ण चार्ज झालेल्या सेलला १.२६ ते १.२८ यायला हवं, आणि एका सेलचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर नुसतं डिस्टिल वॉटर घालून तो सुधारत नाही. एकच नवी बॅटरी तीन जुन्यांत घालणं हा तात्पुरता उपाय आहे, जुन्या लवकरच नवीला आपल्यासारखं करतात. चालकाकडे पैसे नसतील तर मीही तेच करतो, पण सांगून करतो.

कमजोर बॅटरीने ॲव्हरेज पडतं, वेग पडतो, पण मोटर फारशी तापत नाही. मोटर तापत असताना कुणी आधी बॅटऱ्यांचा सेट बदलायला सांगत असेल तर थांबा.

डिफरन्शियल आणि बेअरिंग. ऑइलची पातळी बघा, काळं-चंदेरी झालं असेल तर बदला. मोटर काढलेली असेल तेव्हा शाफ्ट हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका.

मीटर लागणाऱ्या तपासण्या

रिकामा करंट. मागची चाकं उचललेली, पूर्ण एक्सिलेटर, आणि बॅटरीच्या एका तारेवर क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा). मीटर डीसी करंट मोजणारा हवा. घरच्या वायरिंगचा फक्त एसीवाला क्लॅम्प इथे काहीही दाखवतो. मी इथे एक ठरावीक आकडा देत नाही, कारण प्रत्येक मोटरचा वेगळा. त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीचा आकडा घ्या आणि तुलना करा. नवी गाडी आली की पहिल्याच दिवशी हा आकडा आणि चाकाचा वेग सीटखाली मार्करने लिहून ठेवावा. दोन वर्षांनी हाच आकडा सगळं सांगतो. करंट वाढला आणि वेग तोच असेल तर घर्षण किंवा शॉर्ट झालेले वेढे; करंट आणि वेग दोन्ही वाढले तर चुंबकं.

हॉल सेन्सर. मोटरमधून येणाऱ्या पाच बारीक तारा: लाल, काळी, पिवळी, हिरवी, निळी. आधी कनेक्टर उघडून बघा. पावसाळ्यानंतर आत हिरवा गंज असतो; क्लीनर मारून, पिना घट्ट करून कितीतरी गाड्या इथेच सुटतात. नाही सुटली तर कनेक्टर जोडलेला ठेवून, जाड फेज तारा सोडून, चावी चालू करा. लाल-काळीत साधारण ५ व्होल्ट यायला हवेत. मग काळी आणि एकेक रंगीत तार धरून, एक चाक अडवून दुसरं अगदी हळू फिरवा. प्रत्येकीवर शून्य आणि पाचच्या आसपास, असं आलटून पालटून दिसलं पाहिजे. एखादी शून्यावरच किंवा पाचवरच अडकली तर तो सेन्सर गेला. ई-रिक्षात नेहमी दिसणाऱ्या १२० अंशांच्या मांडणीत तिन्ही एकाच वेळी शून्य किंवा तिन्ही एकाच वेळी पाच कधीच येत नाहीत.

याचा मोटरच्या तापण्याशी संबंध काय? चुंबक कुठे आहे ते हॉल सांगतो, त्यावरून कंट्रोलर कोणत्या फेजला वीज द्यायची ते ठरवतो. चुकीच्या क्षणी दिलेला करंट जोर देत नाही, फक्त तापवतो. ब्रशवाल्या मोटरीत हे काम कम्युटेटर करतो.

फेजचा क्रम. कंट्रोलर नुकताच बदललाय आणि तेव्हापासून मोटर गुरगुरते, तापते? हॉलच्या तारा न हलवता तीन फेज तारा सहा प्रकारे जोडता येतात, त्यातला एकच क्रम बरोबर. मात्र चुकीच्या काही क्रमांतही चाक फिरतं, म्हणून लोक फसतात. रंगाला रंग जोडला म्हणजे झालं असं नाही, कंपन्यांचे रंग जुळतीलच याची खात्री नसते. बरोबर क्रमात आवाज कमी आणि रिकामा करंट सर्वात कमी असतो. कंट्रोलरला सेल्फ लर्निंगची वायर असेल तर चाकं उचलून ती आधी वापरा.

मॉस्फेट. एमसीबी पाडून, कंट्रोलरचं व्होल्टेज उतरल्यावर, मीटर डायोडवर ठेवा. लाल प्रोब कंट्रोलरच्या बॅटरी-मायनसवर, काळा एकेका फेजवर: ०.४ ते ०.६ च्या दरम्यान, आणि तिन्ही जवळजवळ सारखे. मग काळा प्रोब बॅटरी-प्लसवर, लाल एकेका फेजवर: पुन्हा तसंच. कुठेही शून्य आणि पीं असा आवाज आला तर मॉस्फेट शॉर्ट.

ब्रशवाली मोटर असेल तर

जुन्या काही गाड्यांत अजून आहे. कंट्रोलरमधून मोटरला दोनच जाड तारा जात असतील तर ब्रशवाली. कार्बन उघडून बघा: झिजून आखूड झालाय का, स्प्रिंग दाबते का, कार्बन होल्डरमध्ये मोकळा सरकतो का. कम्युटेटर तपकिरी-चॉकलेटी दिसला तर उत्तम, तो रंग घासून काढू नका. काळे डाग, खाचा, पट्ट्यांच्या फटीत कार्बनची भुकटी दिसली तर साफ करायचं. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण वीज वाहतात. काचेचा बारीक पेपर चालतो. नवा कार्बन कम्युटेटरच्या गोलाईवर बसवून घ्या, नाहीतर कडेवरच करंट जातो आणि ठिणग्या उडतात.

साध्या कार्बनवर दोन्ही बाजूंचे मिळून साधारण २ व्होल्ट पडतात, तांबं मिसळलेल्यावर कमी. ४८ व्होल्टमध्ये ते चार टक्के झाले, १२ व्होल्टच्या मोटरीत सोळा-सतरा.

"ही काढून बीएलडीसी टाकू का?" समजा चाकाला ६०० वॉट हवेत. ७५ टक्क्यांची मोटर ८०० घेते, ८५ टक्क्यांची साधारण ७०५. बॅटरीची बचत बारा टक्के, पण मोटरमधली उष्णता २०० वॉटवरून १०५ वर येते. शिवाय ई-रिक्षाच्या बीएलडीसीत तारा बाहेरच्या कवचाला लागून असतात, उष्णता पटकन निघते. ब्रशवालीत तापणारं आर्मेचर आत फिरत असतं. गाडी अजून तीन-चार वर्षं चालवायची असेल तर टाका, कंट्रोलरसह. मात्र ब्रेक धरत असताना टाकली तर नवी मोटरही तापेल.

अधूनमधून कुणीतरी व्हिडिओ बघून "पल्स मोटर" किंवा "बॅटरी स्वतःच चार्ज करणारं किट" घेऊन येतं. झटक्याने वीज दिली की फुकट ऊर्जा मिळते, असा दावा. सरासरी १० अँपिअर सलग दिले तर उष्णता १०० गुणिले विरोध. तेच १० सरासरीने, पण पाव वेळ ४० अँपिअरचे झटके म्हणून तारेतून गेले तर ४०० गुणिले विरोध. चौपट. कंट्रोलरच्या चालू-बंदमध्ये असं होत नाही, कारण तो इतका भरभर चालतो की वाइंडिंगमधला करंट तुटतच नाही. आणि झटक्याच्या करंटवर साधा मीटर चुकतो, त्यावरच हे दावे उभे असतात. लावू नका.

इथे थांबा

लिथियम पॅक उघडू नका. त्यातला एक सेल शॉर्ट झाला तर आग आवरत नाही. ते पॅकवाल्याचं काम. तीनशे-चारशे व्होल्टच्या इलेक्ट्रिक कारवर यातलं काहीही करून बघू नका, नारिंगी तारांना प्रशिक्षित माणूसच हात लावतो. लेड-ॲसिडवर काम करतानाही अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा, आणि चार्जिंग चालू असताना जवळ विडी नको, तिथे हायड्रोजन निघतो.

गाडी वॉरंटीत असेल तर मोटरचं आणि कंट्रोलरचं सील तोडू नका, हवा-ब्रेक-जोड तपासून सरळ डीलरकडे न्या.

मोटरमधून जळक्या वार्निशचा वास येतो, फेज आणि कवच यांच्यात मीटर जोड दाखवतो, किंवा फेज सोडून दोन-दोन जोडून चाक फिरवताना एका जोडीला अडथळा वेगळा लागतो: वाइंडिंग गेलं. ते वाइंडरकडे. रोटर घरी ओढून काढू नका, चुंबक बोट चेचतं आणि परत बसवताना हॉल तुटतात.

चुंबकं कमजोर झाल्याचं लक्षण असेल तर तेही रस्त्याकडेच्या दुकानाचं काम नाही. साध्या ग्रेडचं निओडिमियम ८० अंशांपर्यंतच टिकतं, एच ग्रेड १२०, एसएच १५०. दुरुस्तीवाल्याला ग्रेड विचारा; उत्तर आलं नाही तर रोटरसह मोटर बदलणं परवडतं. जाताना चार आकडे लिहून न्या: रिकामा करंट, रिकामा वेग, चढावरचं बॅटरीचं व्होल्टेज, आणि दहा किलोमीटरनंतरचं कवचाचं तापमान. हे हातात असले की समोरचा अंदाजाने पार्ट बदलत बसत नाही.